विषाद, एकाकीपणा आणि हृद्रोग

हृद्रोगाचें नांव निघालें म्हणजे आपल्या घरांतील बोलणें तूप, मीठ, साखर आणि तंबाखू यांवर येऊन थांबतें. वडील माणसाला झटका येऊन गेला कीं सून वरणावरचें तूप मोजून वाढूं लागते, मुलगा रक्तदाब पाहण्याचें यंत्र विकत आणतो आणि गोळ्यांचें वेळापत्रक कपाटावर चिकटविलें जातें. हें सर्व योग्य आहे व त्यांत कसूर होतां कामा नये. परंतु या धांदलींत एका गोष्टीची चौकशी बहुधा राहून जाते. या माणसाचें मन कसें आहे? दिवसाकाठीं तो कोणाशीं आणि कशाविषयीं बोलतो? आपण घरांत कोणाला हवे आहों असें त्याला वाटतें काय? हे प्रश्न मायेचे आहेत, वैद्यकाशीं त्यांचा संबंध नाहीं, अशी आपली समजूत असते. गेल्या पन्नास-साठ वर्षांतील संशोधनानें ही समजूत चुकीची ठरविली आहे. विषाद आणि एकाकीपणा हे हृदयाचे शत्रु आहेत, आणि ते भरल्या घरांतहि सुखेनैव राहूं शकतात, हें वाचकांच्या ध्यानांत आणून द्यावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

जुन्यांचें मत

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, १७ व्या अध्यायांत, वातज हृद्रोगाचीं कारणें सांगतांना आचार्यांनीं पहिलें नांव घेतलें आहे तें शोकाचें. उपवास, अतिश्रम, रूक्ष व अल्प भोजन हीं त्यानंतर येतात. त्याच स्थानाच्या २५ व्या अध्यायांत निरनिराळ्या वर्गांतील अग्रगण्य गोष्टींची एक लांबलचक यादी आहे. तींत रोग वाढविणाऱ्या कारणांत विषाद, शरीराला शोषणाऱ्या कारणांत शोक आणि त्याला तृप्त करणाऱ्यांत हर्ष यांना पहिला मान दिला आहे. ‘आमच्या ग्रंथांत सर्व कांहीं आधींच होतें’ असें म्हणून स्वस्थ बसण्याची आपल्याकडे एक खोड आहे. तिला मी उत्तेजन देऊं इच्छीत नाहीं. हृदयाच्या रोहिण्यांत मेद सांचून त्या बंद होतात हें ज्ञान अर्वाचीन आहे. तथापि रोग्याच्या मनाकडे पाहिल्याविना त्याचा रोग कळत नाहीं ही दृष्टि मात्र त्या आचार्यांस होती.

विषाद हा शब्द येथें वैद्यकांत ज्याला डिप्रेशन म्हणतात त्या अर्थीं योजला आहे. दुःख आणि विषाद एक नव्हेत. दुःखाला कारण असतें, तें वाहून जातें, आणि दुःखी मनुष्य नातवाच्या एखाद्या बोबड्या बोलानें क्षणभर का होईना हंसतो. विषादांत तें हंसूं उमटत नाहीं. दोन आठवडे किंवा अधिक काळ मन जवळ जवळ रोजच खिन्न असणें, पूर्वीं आवडणाऱ्या गोष्टींची गोडी उडणें, झोंप व भूक बिघडणें, अंगांत त्राण नसणें, आपण निरुपयोगी आहों असें वाटणें, हीं त्याचीं लक्षणें होत. हा एक रोग आहे. तो मनाचा कमकुवतपणा नव्हे आणि देवावरील अश्रद्धाहि नव्हे.

नवें संशोधन काय सांगतें

१९६९ सालीं इंग्लंडांत एक लेख प्रसिद्ध झाला. पार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पंचावन्न वर्षांवरील ४,४८६ विधुरांचा वृत्तान्त पाहिला होता. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यांतील मृत्यूचें प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षां सुमारें ४० टक्क्यांनीं अधिक आढळलें, आणि या वाढीव मृत्यूंत हृदयविकाराचा वांटा सर्वांत मोठा होता. पुढें हें प्रमाण हळूहळू इतरांइतकें झालें.

त्यानंतर दहा वर्षांनीं, १९७९ मध्यें, अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांतील आलामेडा परगण्याची पाहणी प्रसिद्ध झाली. बर्कमन व साइम यांनीं ६,९२८ प्रौढांस विवाह, आप्त, मित्र, मंदिर-मंडळ्या यांविषयीं दिलेल्या उत्तरांचा नऊ वर्षांच्या मृत्युनोंदींशीं मेळ घातला. ज्यांचे ऋणानुबंध सर्वांत तोकडे होते त्या पुरुषांत मृत्यूचें प्रमाण सर्वांत अधिक ऋणानुबंध असणाऱ्यांच्या २.३ पट, व स्त्रियांत २.८ पट भरलें.

१९९३ मध्यें कॅनडांतील माँट्रियल येथें फ्राझर-स्मिथ यांनीं हृदयविकाराच्या झटक्यांतून वांचलेल्या २२२ रोग्यांची, ते रुग्णालयांत असतांनाच, मानसिक तपासणी केली. सहा महिन्यांनीं पाहतां, हृदयाची दुर्बलता आणि पूर्वींचा झटका हीं हिशेबांत धरूनहि, विषादग्रस्तांचा मृत्यूचा धोका इतरांच्या चौपटीहून अधिक निघाला. २००४ मध्यें ५२ देशांतील, त्यांत हिंदुस्थानहि आला, रोग्यांवरून ‘इंटरहार्ट’ नांवाची पाहणी प्रसिद्ध झाली. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह इत्यादि ज्या नऊ गोष्टींवर झटक्याचा धोका मुख्यत्वें अवलंबून असतो असें तींत ठरलें, त्यांत मानसिक व सामाजिक ताण ही एक आहे. २०१६ मध्यें पूर्वींच्या अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या असतां एकाकी माणसांत हृद्रोगाचें प्रमाण २९ टक्क्यांनीं अधिक आढळलें. आणि जागतिक आरोग्य संघटनेनें नेमलेल्या समितीनें २०२५ सालीं सांगितलें कीं जगांतील दर सहा माणसांमागें एकाला एकाकीपणा ग्रासतो, व वर्षाला सुमारें ८ लक्ष ७१ हजार मृत्यूंशीं त्याचा संबंध आहे.

हें घडतें कसें? भय किंवा चिंता उत्पन्न झाली म्हणजे शरीर जणूं युद्धाच्या तयारीला लागतें. अ‍ॅड्रिनलिन व कॉर्टिसॉल हे स्राव रक्तांत मिसळतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो आणि रक्तांतील प्लेटलेट चिकट होऊन गुठळी होण्याची प्रवृत्ति वाढते. वाघ समोर आला असतां ही तयारी प्राण वांचविते. पण वाघ निघून गेल्यावर ती मोडली पाहिजे. विषादग्रस्ताच्या व एकाकी माणसाच्या शरीरांत ती मोडत नाहीं. वर्षानुवर्षें आंत मंद दाह चालूं राहतो व रोहिण्यांच्या भिंती बिघडतात. दुसरा मार्ग आचरणाचा आहे. ज्याला जगण्यांत गोडी नाहीं तो गोळी चुकवितो, फिरावयास जात नाहीं, आणि आमच्या वऱ्हाड-वर्ध्याकडे तर खर्ऱ्याची पुडी त्याची सोबतीण होते. शिवाय हा संबंध दोहों बाजूंनीं चालतो. झटका येऊन गेलेल्यांपैकीं सुमारें पांचांतील एकाला पुढें विषाद जडतो. हृदय मनाला पाडतें व मन हृदयाला.

अत्यंत तीव्र दुःखाचा आघात तर हृदयाचा आकारहि कांहीं काळ बदलूं शकतो. १९९० सालीं जपानी वैद्यांनीं अशा रोग्यांचें वर्णन केलें. त्या हृदयाचा डावा कप्पा तेथील मासेमारांच्या अष्टपाद धरण्याच्या मडक्यासारखा फुगलेला दिसला, म्हणून त्या विकाराला ‘ताकोत्सुबो’ हें नांव पडलें. रोहिण्या मोकळ्या असतात, पण लक्षणें झटक्याचींच. हा विकार उतारवयाच्या स्त्रियांत अधिक आढळतो व बहुतेक जणी कांहीं आठवड्यांत बऱ्या होतात. छाती फुटणें हा आपल्या बायकांचा शब्द निव्वळ अलंकार नव्हे, असें यावरून म्हणावें लागतें.

वर्ध्याच्या भूमींतील उदाहरणें

या विषयाचा विचार करण्यास वर्धा जिल्ह्याइतकें योग्य स्थळ क्वचितच सांपडेल. १९३६ सालीं गांधीजी शेगांवीं राहावयास आले; तेंच पुढें सेवाग्राम झालें. तेथील बा-कुटींत राहणाऱ्या कस्तुरबा १९४२ च्या ऑगस्टांत पुण्याच्या आगाखान महालांत स्थानबद्ध झाल्या. अटकेला आठवडा होतो न होतो तों, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई हृदयविकारानें अकस्मात् गेले. बांना तो पुत्रशोकच होता. आश्रमाचें स्वयंपाकघर, भोंवतीं वावरणाऱ्या मुली, येणारे-जाणारे पाहुणे, सर्व दूर राहिलें. श्वासनलिकेचें जुनें दुखणें होतेंच. हृदयहि थकत गेलें. १९४४ च्या जानेवारींत हृदयाच्या विकारानें त्यांना अंथरुण धरावें लागलें, आणि २२ फेब्रुवारीला त्या निवर्तल्या. त्यांचें वय तेव्हां ७४ होतें. त्यांना शोकानेंच नेलें असें म्हणणें शास्त्राला सोडून होईल. वय व व्याधि हीं कारणें पुरेशीं होतीं. परंतु रोगी हृदयाला सहवासाची भूक किती असते हें त्या महालांतील दिवसांवरून कळतें. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या डॉ. सुशीला नायर त्यांच्याबरोबरच बंदींत होत्या. पुढें १९४५ मध्यें बांच्या नांवानें सेवाग्रामांत रुग्णालय उघडलें, आणि १९६९ सालीं त्याला लागून सुशीलाबाईंनीं वैद्यकीय महाविद्यालय उभें केलें. तेथें विद्यार्थ्यांच्या प्रत्येक नव्या तुकडीकरितां एक खेडें दत्तक घेण्याची चाल आहे. रोगी ज्या घरांत राहतो तें घर न पाहतां रोग कळत नाहीं, हाच त्यांतील भाव.

दुसरें उदाहरण हृद्रोगाचें नाहीं, पण बहिष्कृत जिण्यावरील उपचाराचें आहे. बापू-कुटीजवळ परचुरे-कुटी आजहि पाहावयास मिळते. परचुरेशास्त्री हे संस्कृताचे विद्वान्. त्यांस कुष्ठरोग जडला. त्या काळीं या रोगावर आजच्यासारखें औषध नव्हतें, आणि समाजाचा उपाय एकच होता, तो म्हणजे दूर लोटणें. १९३९ च्या सुमारास शास्त्रीबुवा सेवाग्रामला आले. गांधीजींनीं आपल्या कुटीनजीक त्यांच्याकरितां झोंपडी बांधविली, आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला तेल चोळूं लागले. त्या तेलानें कुष्ठ बरें झालें नाहीं. १९४५ मध्यें, मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं स्थापिलेल्या दत्तपूरच्या कुष्ठधामांत शास्त्रीबुवांचा अंत झाला. परंतु ज्याला कोणी शिवत नव्हतें अशा एका पंडिताचीं शेवटचीं वर्षें माणसांत गेलीं. औषध हातीं नसतांहि जो उपचार करतां येतो तो हा.

तिसरें उदाहरण आपल्या काळांतील. डॉ. अभय बंग यांचा जन्म १९५० सालचा, वर्ध्याचा. शिक्षण सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेंत झालेलें. गडचिरोलींत आदिवासींच्या आरोग्याचें काम करीत असतां १९९५ मध्यें, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षीं, त्यांना झटका आला. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हें त्यांचें २००० सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक पुष्कळ वाचकांच्या कपाटांत असेल. स्वतः वैद्य असूनहि त्यांनीं रोगाचें मूळ केवळ रोहिणींत शोधलें नाहीं. आपली धांवपळ, आपला ताण, आपलें मन यांची त्यांनीं तितक्याच कठोरपणें तपासणी केली. ज्या घरांत हृद्रोगी आहे तेथें तें पुस्तक रोग्याइतकेंच इतरांनींहि वाचावें.

एकत्र कुटुंबाचा भ्रम

येथवर वाचून एखादे गृहस्थ म्हणतील, ‘हें सर्व विलायतेचें, आमचें घर माणसांनीं भरलेलें आहे.’ या समाधानाला थोडा आधार आहे. अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया प्रांतांत रोझेटो नांवाचें इटालियन वसाहतीचें लहान गांव आहे. १९६० नंतरच्या दशकांत डॉ. स्ट्युअर्ट वुल्फ यांस असें दिसलें कीं, खाणेंपिणें पथ्याचें नसूनहि तेथें हृद्रोगानें मरणारे लोक शेजारच्या बँगर गांवापेक्षां कमी आहेत. तेथें तीन-तीन पिढ्या एका छपराखालीं नांदत, सण-समारंभ एकत्र होत, म्हाताऱ्यांचा मान राखला जाई. पुढें तरुण मंडळी बाहेर पडलीं, घरें दुरावलीं, आणि १९३५ ते १९८५ या पन्नास वर्षांच्या मृत्युनोंदींवरून असें ठरलें कीं दोन गांवांतील हा फरक पुढें नाहींसा झाला. एका लहानशा गांवावरून सिद्धान्त उभारूं नये हें खरें. पण विचार करावयास तें पुरेसें आहे.

मात्र रोझेटोंत जें रक्षण करीत होतें तें छप्पर नव्हतें. छपराखालचा व्यवहार होता. आपल्या घरांत छप्पर शाबूत असलें तरी तो व्यवहार राहिला आहे काय? पंगत मोडली, ज्याला जेव्हां वेळ मिळेल तेव्हां तो जेवतो. माजघरांत सहा माणसें बसतात, पण प्रत्येकाच्या हातांत निराळा मोबाइल. आर्वी-हिंगणघाटाकडच्या कित्येक वाड्यांत तर मुलगे पुण्याला किंवा अमेरिकेला, आणि घरीं दोन वृद्ध जीव. आणि घरांत हृद्रोगी असला म्हणजे आपण त्याला मायेपोटींच अधिक एकटें पाडतों. ‘त्यांना त्रास नको’ म्हणून त्यांची खाट मागच्या खोलींत जाते. घरांतील वाईट बातमी त्यांच्यापासून लपविली जाते. लग्नाच्या याद्या, शेतीचे हिशेब, नातवाचा अभ्यास, सारें त्यांच्या हातून काढून घेतलें जातें. ताट वेळेवर जातें, गोळी वेळेवर जाते, पण माणूस जात नाहीं. पंधरा माणसांच्या घरांत असा एक मनुष्य एकाकी असूं शकतो. विधवा काकू, निवृत्त काका, नवीनच घरांत आलेली सून, यांचीहि गणना यांतच होईल.

एकाकीपणा आणि एकान्त यांतील भेदहि येथें सांगितला पाहिजे. पवनारला धाम नदीच्या तीरीं विनोबांनीं १९७४ च्या डिसेंबरांत वर्षभराचें मौन धरिलें. बोलणें बंद होतें, पण भोंवतीं ब्रह्मविद्या-मंदिराच्या भगिनींचा परिवार होता व मनाशीं निश्चित हेतु होता. तो एकान्त स्वेच्छेचा होता. एकाकीपणा मात्र मनुष्यावर लादला जातो.

वैराग्य कीं विषाद?

आपल्यासारख्या घरांत विषाद ओळखूं न येण्याचें आणखी एक कारण आहे. तो वैराग्याचा वेष घेऊन येतो. आजोबा बोलेनासे झाले, कशांत लक्ष घालीत नाहींत, जेवण कमी झालें, म्हणजे घरचीं माणसें कौतुकानें म्हणतात कीं आतां त्यांचें मन प्रपंचांतून निघालें. कदाचित् तसें असेलहि. पण पारख सोपी आहे. विरक्त मनुष्य स्वतःसाठीं कांहीं मागत नाहीं, तरी दुसऱ्याच्या सुखानें त्याचा चेहरा उजळतो. त्याची झोंप शांत असते. पूजा, जप, वाचन यांत त्याला रस असतो. विषादग्रस्ताला पूजाहि ओझें होते. पहांटे तीनला जाग येते व मन काळजीच्या घाण्याला जुंपलें जातें. ‘मी आतां कोणाला उपयोगाचा नाहीं’ हें वाक्य ज्याच्या तोंडीं वारंवार येतें त्याला विरक्त समजण्याची घाई करूं नये.

गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे. गात्रें गळणें, तोंड कोरडें पडणें, कंप सुटणें, हीं त्याचीं शारीरिक लक्षणें व्यासांनीं नोंदविलीं आहेत. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं त्या अध्यायांत भगवान् जवळ जवळ कांहींच बोलत नाहींत. एका वाक्यापलीकडे ते केवळ ऐकतात. उपदेश आरंभ होतो तो दुसऱ्या अध्यायांत. आपण घरांत नेमकें उलट करतों. आजाऱ्यानें तोंड उघडण्यापूर्वींच ‘मन खंबीर करा’ असें सांगून मोकळे होतों.

करावयाचें काय?

पहिली गोष्ट, झटक्यानंतरच्या विश्रांतीचा अर्थ कोंडून ठेवणें असा करूं नये. डॉक्टरांनीं मोकळीक दिली कीं रोज ठराविक वेळीं फिरावयास न्यावें, व बरोबर कोणी तरी बोलणारें असावें. दुसरी, दिवसांतून एक वेळचें जेवण तरी सर्वांनीं एकत्र करावें, व त्या वेळीं मोबाइल दूर ठेवावेत. तिसरी, वृद्धाला असें एखादें काम द्यावें कीं जें त्यानें न केल्यास घराला खोळंबा होईल. नातवाला गणित शिकविणें, देवाचीं फुलें आणणें, भाजी निवडणें, हिशेबाची वही लिहिणें, कांहींहि चालेल; लुटुपुटीचें काम मात्र नको, तें त्याला तत्काळ ओळखूं येतें. चौथी, घरांत मृत्यु घडला असेल तर तेराव्यानंतर पाहुणे गेले म्हणजे दुःख संपलें असें मानूं नये. त्या विधुरांचा वृत्तान्त आठवून पुढचे सहा महिने विशेष जपावें.

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वर सांगितलेलीं लक्षणें दोन आठवडे टिकलीं तर हृदयाच्या डॉक्टरांस तें स्पष्ट सांगावें व मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. त्यांत लाज कसली? हृद्रोग्यांस देण्याजोगीं विषादावरील औषधें आहेत. पण कांहीं जुनीं औषधें हृदयाला बाधतात, म्हणून शेजाऱ्याच्या सल्ल्यानें गोळी घेऊं नये व चालूं असलेली एकाएकीं थांबवूंहि नये. जीव नकोसा झाल्याचें कोणी बोलून दाखविल्यास तें हंसण्यावारीं नेऊं नये. सरकारनें २०२२ च्या ऑक्टोबरांत सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही मानसोपचाराची दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. आणि छातींत दुखूं लागल्यास ‘मनाचें असेल’ म्हणून वेळ घालवूं नये. आधीं रुग्णालय, मग मनाचा विचार.

येथें एक इशारा दिला पाहिजे. सहवास म्हणजे गोळीच्या जागीं घेण्याचें औषध नव्हे. अमेरिकेंत झटका आलेल्या २,४८१ विषादी वा एकाकी रोग्यांवर केलेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष २००३ मध्यें प्रसिद्ध झाला. मानसोपचारानें त्यांचा विषाद कमी झाला, परंतु मृत्यूंचें व पुन्हां येणाऱ्या झटक्यांचें प्रमाण घटलें नाहीं. म्हणजे प्रेमानें रोहिणी मोकळी होईल असें वचन कोणी देऊं नये. मग हा खटाटोप कशाला? अशासाठीं कीं विषाद उतरलेला मनुष्य जितके दिवस जगतो ते दिवस जगण्याजोगे होतात. तें फळ लहान नाहीं. दुसरें, अनेक वर्षांचा एकाकीपणा झटका आल्यानंतरच्या थोड्या महिन्यांच्या समुपदेशनानें कसा फिटावा? तो मुळांत सांचूं न देणें हें रुग्णालयाच्या हातीं नाहीं, घराच्या हातीं आहे.

हा अंक हातावेगळा केल्यावर वाचकांनीं आपल्या घरांतील माणसें एकेक करून मनाशीं मोजावींत, आणि ज्याच्याशीं आज कोणीच पांच मिनिटें बसून बोललें नाहीं असा एखादा जीव त्यांत निघाला, तर त्याच्या खाटेजवळ जाऊन बसावें. एका घरीं जरी असें घडलें तरी या लेखाचे श्रम सार्थकीं लागले असें मी समजेन.